बू शे

धुळ्याच्या बसस्थानकावर नानांनी माझी बॅग गाडीच्या डिकीत स्वतः ठेवली, वाहकाला हात लावू दिला नाही. तेव्हा आई होती. ती खिडकीखाली उभी राहून पदराने काच पुसत होती. काच स्वच्छच होती. नाना म्हणजे माझे वडील. ते एवढेच म्हणाले, "तठे लाजू नको. आठे लाजी लाजी निम्मं आयुष्य गयं तुनं." आणि परक्या मुलखात आपली बोली काढायची नाही, शुद्ध बोलायचे, अशी तंबीही त्यांनी दिली. ती तंबीसुद्धा अहिराणीतच होती.

ज्यांना निरोप देऊन मी निघाले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखेच जे निघून गेले त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मराठीत लिहिण्याचा सराव नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्याची वाक्ये जरा ताठच उभी राहतात, हे समजून घ्यावे.

नाना शिरपूरच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधत. मला शिकता यावे म्हणून त्यांनी धुळ्यात बिऱ्हाड केले आणि वीस वर्षे रोज पहाटेच्या बसने शिरपूर गाठले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मी 'आहे'च्या जागी 'शे' म्हणून गेले. परीक्षक हसले, म्हणून वर्गही हसला. त्यानंतर ते अक्षर मी तोंडातून हद्दपार केले. हिंदीत एम.ए. केले, पीएच.डी. केली, लग्न राहून गेले, आणि ज्या वयात मैत्रिणी मुलांच्या दहावीच्या काळजीत होत्या त्या वयात चीनमधल्या चेंगदू शहरात, तिथल्या विद्यापीठात हिंदी शिकवायला आले.

इथे चाळिशीनंतर चिनी शिकायला बसले, तेव्हा पहिल्याच धड्यात तो हद्दपार शब्द समोर येऊन बसला. 'आहे' या अर्थाचा त्यांचा शब्द 'शी' आणि 'शे' यांच्या मधला कुठला तरी ऐकू येतो. एक अब्ज माणसे तो दिवसभर न लाजता उच्चारतात. मी मात्र सहकाऱ्यांना वडिलांविषयी सांगताना "कापसाच्या व्यवसायात आहेत" असे म्हणाले. त्यांनी व्यापारी असा अर्थ घेतला आणि मी ती समजूत तशीच राहू दिली.

आई गेल्यावर नाना एकटे पडले. दोन वर्षे मी फोनवर विनवण्या केल्या. शेवटी ठरले, की त्यांनी महिनाभर येऊन पाहावे. करमले तर दर वर्षी सहा महिने माझ्याकडे राहावे. मी एक खोली रिकामी केली, जमिनीवर गादी घातली, तुरीची डाळ आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ मागवून ठेवले. या शहरात मला कोणीही नावाने हाक मारत नाही, 'शिक्षिका' म्हणतात. नाना राहिले तर कोणीतरी हाक मारील, एवढीच माझी आशा होती.

पाचव्या दिवशी, रविवारी, मी त्यांना शहर दाखवायला बागेत नेले. तळ्याकाठी बांबूच्या खुर्च्यांची चहाची बैठक असते. झाकणाच्या कपात पाने आणि वर गरम पाणी आले. नानांनी झाकण उचलून बराच वेळ आत पाहिले. आजूबाजूचे बोलणे ऐकून ते एकदम सावध झाले. "या काय आपलं बोली रायनात?" मी त्यांना 'शे'ची गोष्ट सांगितली, आणि नकारासाठी त्याच्या आधी 'बू' लावतात हेही सांगितले. म्हातारा माणूस इतका आनंदलेला मी क्वचितच पाहिला असेल.

"म्हंजे त्या बठ्ठा आपलाच शेतस," साऱ्या बैठकीवर हात फिरवत ते म्हणाले. मग कप पुढे सरकवून, "हाऊ चहा बू शे. गरम पानी शे."

तो खेळ दुपारपर्यंत चालला. कान साफ करणारा चिमटा वाजवत आला, त्याला पाहून म्हणाले, "हाऊ डॉक्टर बू शे." एका वाटेवर आईबाप आपल्या अविवाहित मुलामुलींची माहिती कागदावर लिहून, ते कागद उघड्या छत्र्यांना लावून बसतात. नोकरी, उंची, जन्मसाल, सगळे त्यावर असते. मी ते समजावून दिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे तिरके पाहिले. "तुना बी एक कागद लावू का? छत्री शे मनापान." मी हसले. गेल्या कित्येक वर्षांत मी रस्त्यावर मोठ्याने हसले नव्हते.

पुढच्या चौकात स्पीकर लावून पन्नासेक बायका रांगेत नाचत होत्या. इथे रोजच नाचतात. नानांना वाटले, लग्नाची वरात आहे. आपल्याकडे वरातीत बँडपुढे न नाचणे म्हणजे यजमानाचा अपमान. त्यांनी चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या, गळ्यातला रुमाल हातात घेतला आणि रांगेत शिरून, गुडघ्यात वाकून, रुमाल फिरवत ते नाचू लागले. बायकांनी जागा करून दिली. लोकांनी फोन वर केले. काहीजण हसत होते. ते प्रेमाने हसत असावेत, हे आज कळते. त्या क्षणी मला फक्त तोंडी परीक्षेचा वर्ग दिसला.

नेमक्या त्याच वेळी आमच्या विभागप्रमुख बाई नातवाला घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या पायाजवळच्या चपला पाहिल्या, नाचणाऱ्याकडे पाहिले आणि चिनीत विचारले, हे तुझे वडील का? त्या वाक्यात 'शे' होते आणि 'बाबा'ही होते, कारण वडिलांना इथेही बाबाच म्हणतात. गाणे संपले होते. नाना चार हात अंतरावर धापा टाकत उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते.

मी म्हणाले, "बू शे."

आणि पुढे जोडले, की आमच्या गावचे एक गृहस्थ आहेत, फिरायला आले आहेत.

नानांनी रुमालाने तोंड पुसले. बाईंना हिंदी येते, त्यांनी कौतुकाने त्यांनाच विचारले, "आप कहाँ से आए हैं?" नानांनी हात जोडले. "शिरपूर से. मॅडम के गाँव का हूँ. मॅडम ने शहर दिखाया, बडी मेहरबानी." माझी लाज राखण्यासाठी लागणारे खोटे त्यांनी माझ्यापेक्षा चांगले रचले. बाई मला म्हणाल्या, की गावच्या माणसांशी इतक्या आपुलकीने वागणे आता दुर्मीळ झाले आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते विभागात सर्वांना सांगितले, आणि मी आभार मानले.

निघताना नानांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि ते दोन पावले मागे चालू लागले. मी थांबले की थांबत. मेट्रोत शेजारची जागा रिकामी होती, तरी ते दाराशी उभे राहिले.

घरी आल्यावर मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "चहा ठेव. दूध टाकजो." त्या रविवारनंतर चौथ्या दिवशी म्हणाले, "मनं तिकीट करी दे." धुळ्यात त्यांनी सगळ्यांना सांगितले, की तठलं पानी मानवनं नही. चुलतभावाने मला फोन करून विचारले, "अक्का, पाणी उकळून देत नव्हतीस का?"

आता मी दर रविवारी फोन करते. नाना उचलतात आणि म्हणतात, "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? इकडे सर्व कुशल आहे. काळजी नसावी." चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने जपून ठेवलेली सगळी शुद्ध वाक्ये ते एकेक करून मला देतात. आधी वाटले, राग आहे. राग असता तर उतरला असता. परक्या माणसाशी बोलायची ही त्यांची रीत आहे.

गेल्या रविवारी बोलता बोलता कोणी दारात आले. नानांनी फोन न तोडताच खाटेवर ठेवला. "ये भो, बठ. जेवना का? आज भरीत करेल शे, तोंड फिरवू नको." कोणीतरी हसले, भांडे वाजले, आणि मी इथे रस्त्याकडे पाठ करून फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले. मला विचाराल, तर घर आता तेवढेच उरले आहे.

दोन-तीन मिनिटांनी त्यांच्या ध्यानात आले. "माफ करा," ते म्हणाले, "फोन चुकून चालू राहिला." आणि त्यांनी तो बंद केला.