बुधाजी गमरे यांचा पहिला नकार

महोत्सवात सिनेमे कसे निवडतात, असं लोक मला फार भक्तिभावाने विचारतात. जणू आम्ही बंद खोलीत बसून काही दिव्य करतो. छे! आलेल्यांतले बहुतेक नाकारायचे आणि उरलेले दाखवायचे. निवड म्हणजे नकार. बाकी सगळे हारतुरे. आणि आमच्या परळच्या लघुपट महोत्सवात निवड समितीचे अध्यक्ष होते बुधाजी गमरे, ज्यांनी जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

बुधाजी घोडपदेवचे. नोकरी शिवडीच्या गोदामात झाली, पण जीव रमला तो वधू-वर मेळाव्यांत. आमच्या बौद्ध समाजातली निम्मी लग्नं आपणच जमवली असं ते सांगतात. निम्मी नसतील, पण माझ्या दोन भाच्यांची जमवलीत, ती टिकलीही आहेत. कुणाच्या घरी गेले की हा माणूस चपला उंबऱ्याकडे तोंड करून काढतो. म्हणजे समजायचं, आता तासभर हलत नाही.

मुलीला मुलगा आवडला नाही, तर मुलाच्या बापाला हे सांगणार, “मुलीला तुमच्याकडून नोकरी लांब पडते हो.” मुलाला मुलगी आवडली नाही, तर मुलीच्या बापाला, “मुलगा परदेशी जायचं म्हणतोय.” तो मुलगा पुढे भायखळ्याच्या पलीकडे गेला नाही, ती गोष्ट वेगळी. दोन्ही घरं खूश. मी याला खोटं बोलणं म्हणते. ते म्हणतात, “मॅडम, गोडी राहते.”

अध्यक्ष कसे झाले? हॉल त्यांनी मिळवून दिला. जो हॉल मिळवतो तो अध्यक्ष, ही आपल्याकडची रीत. समितीवर दुसरी मी. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. सिनेमातलं मला काय कळतं असं कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारू दिलं नाही. तिसरा निमेश, शीव कोळीवाड्याचा. सिनेमाचं एडिटिंग करतो आणि तोंडाचं मुळीच करत नाही.

आम्ही निमेशच्या लॅपटॉपवर सिनेमे बघायचो. शिवडीचे फ्लेमिंगो ड्रोनमधून दाखवणारे तीन, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या तरुणांचे तर मोजदादीपलीकडे. प्रत्येकानंतर बुधाजी मान डोलवणार, “चांगल्या घरचा वाटतो.”

“काका, खुनाचा पिक्चर आहे,” निमेश म्हणायचा.

“असेल, पण मारायच्या आधी पाणी विचारतो.”

अशा माणसापुढे नम्रताचा सिनेमा आला. नम्रता त्यांच्याच घोडपदेवची, शेजारच्या चाळीतली. तिचे वडील विकास पन्नाशीनंतर सायकल शिकायला निघाले, त्याची गोष्ट. चाळीच्या चौकात तो माणूस पडतो, उठतो, पुन्हा पडतो आणि चढत्या रागाने पुन्हा बसतो. मी, जी सहसा कशाने हलत नाही, ती खुर्चीत पुढे सरकले. पण मग शेजारी यायला लागले. एकेक जण येतो, सल्ला देतो, जातो. दुसरा येतो. सिनेमा चाळीस मिनिटांचा, आमची मर्यादा वीसची. तिघांच्या बाकावर एक ऐसपैस बसला की दोघं उभे राहतात. महोत्सवात त्या दोघांना घरीच पाठवावं लागतं.

“शेजारी कापले तर घ्यायचा, नाहीतर नाही,” मी म्हटलं. निमेशचंही तेच मत. बुधाजी म्हणाले, “आधी मी घर बघून येतो.”

“आपण सिनेमा निवडतोय, सून नाही!”

पण ते गेले. चपला उंबऱ्याकडे तोंड करून काढल्या, पोहे खाल्ले, “वा, वा” म्हणाले आणि कापाकापीचा विषय न काढता परत आले. आता आपल्यात घर बघायला आलेला माणूस पोहे खाऊन हसत गेला, की त्याचा अर्थ काय होतो? पसंत! दुसऱ्या दिवशी चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. ‘महोत्सवात निवड झालेल्या आमच्या कलाकारांचे हार्दिक अभिनंदन.’ मध्ये नम्रता, तिच्याभोवती अख्खी चाळ. ज्यांना कापायचं तेच सगळे हात जोडून उभे.

निमेशने फोनवर कापायची अट कळवली, तशी नम्रता रडवेली होऊन समितीकडे आली. “काका, कापायला मी तयार आहे. पण कापू कुणाला? सगळ्यांनी रविवार दिलेत मला. उद्या मला त्याच गॅलरीतून जायचंय, त्याच नळावर उभं राहायचंय. नाही कापलं तर सिनेमा जातो. तीन वर्षं केलाय मी तो.”

कार्यक्रमपत्रिका सोमवारी छापायला जाणार होती. मी बुधाजींकडे बोट दाखवलं. “पोहे यांनी खाल्ले. चाळीला हेच सांगतील.”

बुधाजींचा चेहरा असा झाला की मलाच सोबत जावं लागलं.

पहिलं दार कमलाबाईंचं. सिनेमात सर्वांत लांब सल्ला त्यांचाच.

“जयभीम बुधाजीभाऊ! या मॅडम. फ्लेक्स बघितला ना? मला अगदी कडेला टाकलंय मेल्यांनी.”

“कमलाबाई, तुमचं काम फार सुंदर,” बुधाजींनी सुरुवात केली. “फार म्हणजे फारच. पण काय आहे, या वेळी योग नव्हता.”

“योग?” कमलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून योग काढताय? एवढी लग्नं पत्रिकेशिवाय लावलीत, आणि पिक्चरची पत्रिका बघता होय?”

बुधाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम पंख्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोला.

मग त्यांनी घसा साफ केला.

“कमलाबाई, तुम्ही विकासला ओरडून सांगताय, पुढे बघ, पुढे बघ. आणि स्वतः कॅमेऱ्यात बघताय. केस सारखे करताय. ते खोटं वाटतं. म्हणून तुम्हाला काढायचंय.”

मी जीव मुठीत धरला. कमलाबाई खाटेवर बसल्या.

“केस सारखे करते?”

“दोनदा.”

“आमच्या घरातलं एक माणूस बोललं नाही मला,” त्या म्हणाल्या. “सगळे मेले छान छान करत होते.” मग एकदम मान वर. “बकुळा राहणार आहे का?”

“बकुळाचं अजून...”

“ती पावडर थापून उभी राहिलीय. मी गेले आणि ती राहिली, तर तुमच्या हॉलला मी कुलूप लावीन. सांगून ठेवते.”

बकुळा समोरच्याच खोलीत. तिने एवढंच विचारलं, “कमलामावशी नक्की गेली ना? मग माझी हरकत नाही. पण मग तो गुणाजी कशाला? त्याला सायकल तरी येते का?” गुणाजी म्हणाला, मी जातो, पण वरच्या मजल्यावरचं कुणी दिसता कामा नये. वरच्या मजल्याने खालच्या मजल्याची हमी मागितली. मी अर्थशास्त्र शिकवलं आहे, पण त्यागाची इतकी चढाओढ कधी पाहिली नव्हती. एकालाही स्वतः जाण्याचं दुःख नव्हतं; दुसरा राहील याचीच धास्ती.

आणि बुधाजी? तिसऱ्या दारापासून त्यांना गोडी लागली. “तुम्ही पाठ केल्यासारखं बोलता.” “तुमचा विनोद जमला नाही.” “तुम्ही कशाला आलात तेच कळत नाही.” शेवटच्या दाराशी तर चपला न काढताच बोलून मोकळे. मला त्यांना हाताला धरून खाली आणावं लागलं, नाहीतर चाळीच्या रंगावरही बोलले असते.

निमेश आणि नम्रता कापायला बसले. सिनेमा अकरा मिनिटांचा झाला. विकास, सायकल, चौक. आम्ही तिघांनी तो एकमताने घेतला, आणि समितीत एकमत झाल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

महोत्सवाला अख्खी चाळ नटून आली. बघायला म्हणा, दुसरा कुणी चुकून राहिलाय का ते तपासायला म्हणा. पडद्यावर विकास एकटा. पडतो, उठतो. कुणी हसेना, कुणी खोकेना. शेवटी सायकल डगमगत सुटते, विकास खाली चाकाकडे बघतोय, आणि पडद्याबाहेरून कुठून तरी आवाज येतो, “अरे विकास, पुढे बघ रे! चाक काय पळून जातंय?”

हॉल हशाने फुटला. पडद्यावर विकासने मान वर केली आणि सायकल सरळ चौकाबाहेर गेली. टाळ्या थांबेनात. नम्रता रडत होती, तिचे वडील तिसऱ्या रांगेत उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत होते.

बाहेर कमलाबाईंनी बुधाजींना गाठलं.

“मला काढलं म्हणालात ना? मग आवाज का ठेवला?”

“आवाज खोटा नव्हता,” बुधाजी म्हणाले.

कमलाबाईंनी पदर सारखा केला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“बकुळाचा होता कुठे?”

“नाही.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि चहाच्या रांगेत सर्वांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.