न झालेल्या सभेचं इतिवृत्त

जायकवाडीच्या काठावरच्या त्या गावात सभा झालीच नव्हती. तिचं इतिवृत्त मी माझ्या घरी बसून लिहिलं आणि त्यावरचे सगळे अंगठे माझेच आहेत. एकसारखे दिसू नयेत म्हणून मधली बोटंही वापरली होती.

तेव्हा मी शहरातल्या एका छोट्या संस्थेचा सचिव होतो. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या काठावर पक्षी उतरत. तो काठ गावकऱ्यांनीच राखावा, यासाठी मुंबईहून अनुदान मिळणार होतं. अट एकच, सगळ्या वस्त्यांनी एकत्र बसून संमती द्यायची. पण ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस. वस्त्यांमधलं बोलणं बंद होतं. संस्थेत मी सांगितलं, एसटी बंद आहे, सभेला गावात जाता येत नाही. खरं तर त्या आठवड्यात ती चालू होती. मी स्टँडपर्यंत गेलो आणि घाबरून परत आलो. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती.

काठावर मेंढ्या चारायच्या नाहीत, असं संमतीत एक कलम होतं. उन्हाळ्यात तिथं तीन भावांची मेंढरं चरत. थोरल्याला मी मामा म्हणायचो, त्यांच्या पालावर जेवलो होतो. त्यांचंच नाव मी सगळ्यात वर घातलं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, अशी मनाची समजूत काढली.

पुढं पाहणीसाठी अधिकारी आले. त्यांच्या जीपमध्ये मीही होतो. पारावर गाव जमलं आणि त्यांनी इतिवृत्त वाचायला घेतलं. सभेची तारीख श्रावणातली होती.

मामा हसले. "सायब, श्रावणात आमी हितं कशाला ऱ्हातो? चिखलात मेंढरांची खुरं सडतेत. आमी तवा पिशोरकडं डोंगरात व्हतो."

"नुसता अंगठाच आला आसंल एसटीनं," मामी म्हणाल्या. लोक खो खो हसले.

पावसाळ्यात मेंढरं काठावर नसतात, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. मला सुचलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मामा, विसरलात का?" मी म्हणालो. "मधे एकदा बाजाराला आला होतात ना? तेव्हाच दिला की तुम्ही."

मामा मान खाली घालून म्हणाले, "सर म्हणतेत तर आसंल."

त्या एका वाक्यावर अनुदान मंजूर झालं, आणि त्याच वाक्यानं त्यांचं घर फुटलं. काठ बंद झाला तेव्हा भाऊ म्हणाले, "आमचं रान इकून आला, वर पारावर कबूलबी केलं." मामा शपथा घेत राहिले, पण ते शब्द सगळ्यांनी ऐकले होते. मेंढरं विकून ते वाळूजला एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला लागले. मुलीच्या लग्नाला एकही भाऊ आला नाही. संस्थेच्या अहवालात मात्र मी लिहिलं, लोकसहभाग उत्तम.

मामा आता खाटेला खिळले आहेत. भाऊ अजून त्यांच्या दारात येत नाहीत. हे सगळं लिहिलेला हा कागद घेऊन मी त्या भावांकडं जाणार आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवणार. उद्या उद्या म्हणत तीन आठवडे गेले आणि मामांच्या घरून रोज बरी बातमी येतेच असं नाही. भाऊ मला हाकलतील, कदाचित हातही उचलतील. शेवटच्या ओळीपर्यंत वाचू द्या, मग मामांकडं चला, एवढंच मला त्यांना म्हणायचं आहे.