अर्धा व्हाइस

आमच्याकडे नवा माणूस आला की घरातल्या माणसांच्या आधी लोखंडाला ठेचकाळतो. दाराशी, बाल्कनीत, जिन्याखाली, धुण्याच्या मशीनमागे, सगळीकडे व्हाइस. फिटरच्या टेबलावर बोल्टांनी आवळलेली लोखंडी पकड असते ना, दोन जबडे आणि मध्ये स्क्रू, ती. माझे सासरे जन्मभर फिटर होते. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक बागेत फिरायला जातात, बाबा भंगाराच्या दुकानात जातात.

कपड्यांसाठी मी धुण्याचा सोडा आणते आणि तो जातो बाबांच्या बादलीत. सोड्याच्या पाण्यात गंजका जबडा टांगायचा, बॅटरीच्या चार्जरची एक वायर त्याला, दुसरी पत्र्याच्या तुकड्याला. संध्याकाळपर्यंत पाण्यावर तांबूस फेस चढतो आणि लोखंड काळं होऊन बाहेर येतं. मग तारेचा ब्रश, रॉकेल, ग्रीस. जाम झालेला स्क्रू सुटला की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "सुटला का? आता मला या घरातून कोण सोडवतंय बघते!"

लांबलांबून लोक ओळख पटवायला येतात. कारखान्याचं नाव गंजात गेलेलं असतं. बाबा नाव शोधतच नाहीत. व्हाइस उलटा करतात, पोटाखालून हात फिरवतात, स्क्रूच्या आट्यांवर नख ओढतात आणि सांगतात, "जुन्या ओतकामाचा आहे, चांगला आहे. पण पुढचा जबडा सावत्र." म्हणजे दुसऱ्याच कुठल्या व्हाइसचा. आणणाऱ्याचं तोंड उतरतं. बाबांना त्यात थोडी मजा वाटते, हे मी पाहिलेलं आहे.

मजा वाटावी असं खरं तर काही नाही. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर जो व्हाइस आहे, त्याला पुढचा जबडाच नाही.

तो आजेसासऱ्यांचा. बाबा आणि काका, दोघेही भाऊ त्याच व्हाइसवर कानस धरायला शिकले. आजेसासरे गेल्यावर वर्कशॉपची वाटणी झाली. लेथ एकाकडे, ड्रिल दुसऱ्याकडे, हत्यारांच्या पेट्या सारख्या. व्हाइस तेवढा राहिला. "मी थोरला," बाबा म्हणाले. "शेवटपर्यंत त्यांच्याजवळ मी होतो," काका म्हणाले. शब्दाला शब्द लागला. काकांनी हॅण्डल धरलं आणि उलटं फिरवायला सुरुवात केली. फिरवत राहिलं की पुढचा जबडा स्क्रूसकट बाहेर येतो, पण त्याला वेळ लागतो. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्या सांगतात, "स्क्रू केवढा लांब! एवढा वेळ तो फिरवत होता, आणि एकानं म्हटलं नाही की बस कर. मीही नाही." जबडा सुटला तो काकांनी खांद्यावर टाकला. "घे, राहिलेला तुला."

त्यानंतर दोघं एका गावात राहून बोलले नाहीत.

बाबांचा हा सगळा संग्रह त्यातून उभा राहिला. आधी त्याच कारखान्याचा, त्याच मापाचा दुसरा व्हाइस आणून त्याचा जबडा बसवू, असा विचार होता. एक आणला, बसला नाही. दुसरा घुसला, पण खुळखुळत होता. मूळ जोडी झिजली तसे आजेसासऱ्यांनी दोन्ही भाग हाताने घासून पुन्हा एकमेकांत बसवले होते आणि दोन्हींवर पंचने एकच नंबर ठोकला होता. त्या खाचेत तोच जबडा जाणार, जगातला दुसरा नाही. हे बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी आणत राहिले.

"काकांना फोन करा की," आमचे हे म्हणायचे.

"त्यानं नेला, तो आणून देईल."

"मी करू का?" मी एकदा विचारलं.

"करून बघ. तुझ्या फोननं आलेल्या जबड्याला मी हात लावणार नाही."

तर परवा भंगारवाल्याचा फोन आला. "आजोबा, नुसता पुढचा भाग आलाय. तुम्ही म्हणता तसला." गाडी मीच चालवते, मी घेऊन गेले.

पिंपांच्या आडोशाला एक गाठोडं होतं. फडका तेलात भिजवून घट्ट गुंडाळलेला, वर सुतळी. भंगारात वस्तू अशी येत नाही, इथे तर चांगला फ्रिजसुद्धा कोणी आपटून टाकतं. बाबांनी गाठ सोडली. आतलं लोखंड निळसर चमकत होतं, गंजाचा ठिपका नाही. त्यांनी जबडा पालथा केला, पंचने ठोकलेला तो नंबर अंगठ्याने चाचपला आणि खाली बसले. तिथेच, लोखंडाच्या चुऱ्यात, धुतलेल्या पँटनिशी.

मी भंगारवाल्याला विचारायला तोंड उघडलं, "हा आणला कोणी?"

"चल," बाबा म्हणाले. "उशीर होतोय."

कशाला उशीर होत होता, देव जाणे.

घरी येऊन त्यांनी जबडा खाचेत धरला. दाबावा लागला नाही. हॅण्डल फिरवलं तसा आत जात राहिला, आवाजसुद्धा न करता. सासूबाई म्हणाल्या, "मिळाला एकदाचा! आता तरी हसा." बाबांनी हात पुसले आणि जेवायला नको म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिंपांपाशी बसले तेव्हाच त्यांना कळलेलं होतं. काका जिवंत असते तर तो जबडा भंगारात येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "त्याच्या घरी सोडतेस का?"

काकूंनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. या म्हणाल्या नाहीत. खोली आवरलेली होती. खिडकीखालच्या कामाच्या टेबलावर ओल्या कुंड्या मांडल्या होत्या.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"महिना होत आला."

"आम्हाला कळवायचं तरी."

"कळवू नकोस म्हणाले होते." काकू माझ्याकडे बघून बोलत होत्या, बाबांकडे नाही. "शेवटी शेवटी शुद्धीवर असले की एकच घोकायचे. तो तुकडा त्या पुलापलीकडच्या भंगारवाल्याकडे दे, दुसऱ्या कोणाला नको. मी म्हटलं, अहो, सख्ख्या भावाचं घर याच गावात आहे, मी नेऊन देते. तर म्हणाले, घरी नेलंस तर घेणार नाही. भंगारात घेईल. तिथे तो रोज जातो."

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

"गंज नव्हता," ते म्हणाले.

"कसा असेल? माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवला होता. दर रविवारी काढायचे, पुसायचे, तेल लावायचे, परत ठेवायचे. माझ्या एका कपड्याचा तेलाचा वास गेला नाही इतकी वर्षं." काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बसला का नीट? तेवढं सांगा. म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालं म्हणायचं."

"बसला," बाबा म्हणाले.

काकूंनी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. मी हात धरायला गेले तर त्यांनी हात घेऊ दिला, इतकंच.

जिन्यात बाबा दोनदा थांबले. परतताना त्यांनी गाडी पुलापलीकडे घ्यायला सांगितली. गाडीतून न उतरताच त्यांनी भंगारवाल्याला हाक मारली.

"काही आलं तरी आता मला फोन करू नकोस."

"का हो आजोबा? पाहिजे होता तोच ना?"

"तोच," म्हणाले, आणि काच वर केली.