लग्न न केल्याची सही

काजवाली मावशी तीस वर्षं शिंप्यांकडून आलेल्या सदऱ्यांना काजं करते. तिच्या काजातून बटण सहसा निसटत नाही आणि तिच्या तोंडून वय. पाण्याच्या टाकीवर कामाला असलेला नवरा गेल्यापासून तिला त्याची पेन्शन मिळते आणि औषधांचं कार्ड. तिचा दमा या कार्डावरच पोसलेला आहे. सरकारची अट एकच: दुसरं लग्न केलं की दोन्ही बंद. म्हणून दरवर्षी ‘मी लग्न केलेलं नाही’ असा फॉर्म भरायचा आणि एका प्रतिष्ठित शेजाऱ्याची त्याखाली सही घ्यायची.

प्रतिष्ठित शेजारी म्हणजे समोरच्या गाळ्यातला घड्याळवाला. तोही एकटाच. हा गृहस्थ गेली नऊ वर्षं या बाईने लग्न केलेलं नाही अशी सरकारची खात्री पटवतो आहे आणि आठ वर्षं तिला लग्नाचं विचारतो आहे.

“दमा तुम्ही सांभाळणार का?” ती विचारायची. घड्याळवाला भिंतीवरच्या बंद घड्याळांकडे बघायचा. त्याची मिळकत तिथेच टांगलेली होती.

फॉर्मच्या पाठीवरचे बारीक नियम वाचायला कोणी जन्माला आलेलं नाही. औषधाच्या रांगेत ताटकळत मावशीने ते वाचले. नियम सातवा: साठीनंतर लग्न केल्यास पेन्शन व कार्ड चालू राहतील.

मावशीला एकसष्ट पूर्ण झाली होती. पण घड्याळवाल्याला तिने ओळख झाली तेव्हाच सेहेचाळीस सांगितले होते आणि दरवर्षी इमानाने एकेक वाढवत आता ती पंचावन्नची झाली होती. पेन्शन शाबूत, कार्ड शाबूत, नवरा हाकेच्या अंतरावर. लग्न अडलं होतं सहा वर्षांवर.

“सांगून टाक ना त्यांना,” धाकटी बहीण म्हणाली. “या वयात कसली लाज?”

“या म्हणजे कोणत्या वयात?”

“तू पंचावन्नची, मी सत्तावन्नची. आजपासून मला ताई म्हणत जा.”

चार महिने मावशी काजं घालत गप्प राहिली. मग फॉर्मची वेळ आली. तिने तो घड्याळवाल्यापुढे पालथा ठेवला आणि सातव्या नियमावर बोट टेकवलं.

“वाचा.”

त्याने डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. “सातवा ना? पाठ आहे.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“बाई, मी सही करतो त्याच्या वरच्याच ओळीत तुमची जन्मतारीख असते. बारीक बघणं हा माझा धंदा.” त्याने चिमटा खाली ठेवला. “पण तुम्ही पंचावन्न म्हणालात. आणखी पाच वर्षं थांबायची तयारी ठेवली होती.”

घड्याळवाल्याने सवयीने फॉर्म उलटला आणि पेनाचं टोपण काढलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “यंदा ही सही खोटी ठरेल.”