यंत्र ओढताना खांदा

माझी मुलगी पुण्यात इंजिनियरिंगची पीएचडी करते. भाताची रोपं लावायचं यंत्र तिनं स्वतः बनवलं आहे. त्याला डिझेल लागत नाही, बाईनं हातानं ओढायचं. गेल्या वर्षी आवणीला, म्हणजे भातलावणीला, ते टेम्पोत घालून ती उत्रोलीला आमच्या खाचरात आली. भावकीतल्या बायकांनी यंत्र ओढायचं आणि मग कुठं दुखतं, दहापैकी किती दुखतं, ते तिला सांगायचं. काळजाचे ठोके मोजायला ब्लाउजच्या आत एक पट्टा बांधायचा होता. मी तर त्यानंच लाजून अर्धी मेले.

ती पट्टे आणायला टेम्पोकडं गेली तेव्हा मी बायकांना हळूच म्हणाले, "बायांनो, कुनी दुखतंय म्हनू नका. पोरीचं नाव जाईल."

जाऊ म्हणाली, "मग च्याबरोबर भजी लागतील."

मी भजी केली. सगळ्यांनी शून्य सांगितलं, फार तर एक. मी चौथी शिकलेली. परीक्षेत चांगलंच सांगायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं.

पुण्यात तिच्या सरांनी आकडे बघितले. पट्ट्यात ठोके धावत होते आणि तोंडानं सगळ्या मजेत होत्या. सर म्हणाले, हे चालणार नाही, पुन्हा घ्या. तोवर आवणी उरकली होती. मुलीचं वर्ष गेलं.

असं कसं झालं म्हणून ती विचारायला आली, तर जावेनं हसत हसत सगळं सांगून टाकलं. मुलगी माझ्याकडं वळली. "आई, कुठं दुखतं तेच तर मला पाहिजे होतं. त्याशिवाय यंत्र सुधारू कसं?" ओरडली नाही. पण पुढं कितीतरी दिवस फोनवर "जेवलात का" एवढंच विचारायची.

यंदा ती पुन्हा आली, सरही आले. या वेळी खरं सांगा, असं बायकांना मलाच सांगावं लागणार होतं. जावेच्या दारात उभी राहिले. कसंबसं बोलले.

"गेल्या साली दुखत न्हवतं, औंदा दुखायचं व्हय? आन् भजी?" जाऊ म्हणाली.

"भजी न्हाईत," मी म्हणाले.

पहिली पाळी मीच मागून घेतली. बांधावर सर उभे होते, शेजारी आमचे मालक. यंत्र ओढून मी परत आले.

"आई, कुठं?"

सरांसमोर पोरीच्या यंत्राला नावं ठेवायची. पदर आपोआप तोंडाशी गेला.

"उजवा खांदा."

"दहापैकी किती?"

"आठ."

मालक माझ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी असं काही बोलले नव्हते. मी चिखलाकडं बघत होते, कान गरम झाले होते.

मुलीनं लिहून घेतलं. "आणखी कुठं?" तिनं विचारलं. आवाज मोकळा होता, पहिल्यासारखा.

मग मी मनगटही सांगितलं.