क्लॅरनेट आणि समोरचे दात

महाल भागातल्या एका बँडमध्ये मी क्लॅरनेट वाजवायचो. हे वाद्य ओठांत धरतात, पण वरून ते टेकलेलं असतं समोरच्या दातांवर. दात घट्ट असले तरच सूर ठरतो. त्यामुळे हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मला दुखण्याची भीती वाटली नाही. डॉक्टर दात काढा म्हणतील, याची वाटली.

एकदा सकाळी बेसिनमधलं लाल पाणी बायकोनं पाहिलं.

"काहून टाळून राहिले तुम्ही? एकदा दाखवून त या."

"लग्नसराई संपू दे वं."

सराई संपली की गणपती, मग नवरात्र, दिवाळीनंतर पुन्हा लग्नं. मधे रिकामे दिवस असायचे, पण ते मी झोपून घालवले. मिठाच्या गुळण्या केल्या, लवंगेचं तेल लावलं. ठणका थांबला की बरं झालं असं वाटायचं. हिरड्या मात्र सरकत होत्या, आरशात दात लांब दिसायला लागले होते. मग मी दाढी करताना तोंड मिटूनच ठेवायला लागलो.

उमरेडला एका वरातीत वरचा सूर घेताना दात आत झुकला. क्लॅरनेट चिरकलं. नाचणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही, पण शेजारच्या ट्रम्पेटवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझी ओळ स्वतः उचलली. परतताना गाडीत तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मीच बायकोला म्हटलं, "चल, जाऊ."

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. एक्स-रे उजेडासमोर धरून तिनं दाखवला.

"काका, हाड झिजलं आहे. वरचे समोरचे चारही काढावे लागतील."

"अजून थोडं थांबलो त?"

"आधी आला असता तर सफाई करून वाचवले असते. आता थांबलात तर मागचेही जातील."

"मी क्लॅरनेट वाजवतो, मॅडम."

तिनं मास्क खाली केला. मग म्हणाली, "नवे दात बसवून देईन. जेवता येईल, नीट बोलता येईल. वाजवण्याचं मी सांगू शकत नाही."

बायकोनं माझा हात धरला. मी हो म्हटलं.

दात काढताना काही दुखलं नाही. नवे बसवले तेही चांगले दिसतात. पण वाद्य टेकवलं की कवळी मागून उचलते आणि हवा निसटते. रोज दुपारी दार लावून बसायचो. सरळ साधा सा सुद्धा थरथरायचा. बायको स्वयंपाकघरातलं काम थांबवून ऐकत राहायची. एके दिवशी ती दारात आली.

"राहू द्या आता," म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी क्लॅरनेट पेटीत ठेवलं.

आता बोलावतील त्या तारखेला दवाखान्यात जातो. एकदाही चुकवत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाली, "काका, मागचे दात छान सांभाळले तुम्ही." मी मान हलवली. बँडमालक जुना माणूस, त्यानं मला काढलं नाही, हातात झांजा दिल्या. माझी ओळ कॅसिओवाला वाजवतो. बरी वाजवतो. वरात वळणावर थांबते, लोक नाचतात, आणि मी त्याच्या मागे उभा राहून ठेका धरतो.