दर दोन तासांनी

पहाटे चारला साहेबरावांचा दिवस सुरू व्हायचा. दोनला उठणं ते रात्रीत धरत, चारचं दिवसात. दोन्ही वेळेला काम एकच. बायकोची कूस पालटायची.

चार वर्षांमागं गीताबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान आणि समज तेवढी शाबूत राहिली. माणूस एका कुशीवर पडून राहिला की कातडी कुजते, दर दोन तासांनी वळवा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. साहेबरावांनी ते कामाच्या मापासारखं पाळलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, श्वास सोडायचा आणि वळवायचं. पहारीनं दगड हलवतात तसं; आधी टेकू, मग ताकद. चार वर्षांत त्या पाठीवर एक फोड उठला नाही. किकवीच्या दोन खोल्यांत हाताला दुसरं माणूस नव्हतं. एकुलती लेक दीपमाला पुण्यात, कंपनीत पॅकिंगला. तिचं सासर म्हणजे एका खोलीत पाच माणसं.

साहेबराव विहिरी खोदणारे. चौतीस वर्षं भोर-वेल्ह्याचा कातळ फोडला. रोजावर कधी गेले नाहीत, काम उक्तं घेत. कातळावर घण मारून आवाज ऐकायचा. इतके दिवस, इतके पैसे, एकदाच सांगायचं. अंदाज चार दिवसांपलीकडं कधी हुकला नाही. त्यातून साठलेले चार लाख चाळीस हजार बँकेत होते.

या उन्हाळ्यात जांघेत गोळा आला. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे. ऑपरेशन करा, आणि पुढं पाण्याची कळशीसुद्धा उचलू नका.

"मग बायकूला कोन वळवनार?"



दीपमालानं महिनाभर फोन केले. अनुदानावरच्या एका आश्रमात फुकट सोय होती, पण तिथं मूलबाळ नसलेलं आणि आपल्या पायांनी संडासला जाणारं माणूस लागायचं. घरी राहून सांभाळणारी बाई महिन्याला पंचवीस हजार मागायची, आणि गावाचं नाव काढलं की फोन ठेवून द्यायची. उरला शिवऱ्याजवळचा एक खासगी वृद्धाश्रम. चालत्याला चौदा हजार, अंथरुणावरच्याला बावीस. प्रवेशाचे चव्वेचाळीस हजार वेगळे, ते परत नाहीत.

टेम्पोत गादी टाकून गीताबाईंना तिथं नेलं, चाकाच्या खुर्चीत बसवून ऑफिसात घेतलं. व्यवस्था बघणाऱ्या माधुरीताईंच्या टेबलावर साहेबरावांनी पासबुक ठेवलं.

"ताई, म्या म्हयन्याचं काम कधी केलं न्हाई. हे समदं घ्या. उक्तं. ती हाय तवर सांबाळा."

माधुरीताई हसल्या. "काका, ही काय विहीर आहे का उक्ती द्यायला?"

"इहिरीपरास सोपं हाय. पानी उपसायची कटकट न्हाई."

दीपमालाही हसली. गीताबाईंचा डावा ओठ हलला. नवऱ्याच्या थट्टेला तो अजून हलायचा.

"बरं," माधुरीताई गमतीनंच म्हणाल्या, "तुम्ही जुने जाणते. किती दिवसांचं काम धरू, तेवढं सांगा."

साहेबराव बायकोकडं वळले. मनगट पाहिलं, गळ्याची वर आलेली हाडं पाहिली, पावलांवरची सूज पाहिली. कुणी अंदाज विचारला की आकडा द्यायचा, ही जन्माची सवय.

"दीड वरीस. लई झालं तर पावनेदोन."

"आबा!" दीपमाला ओरडली.

माधुरीताईंनी पेन खाली ठेवलं. गीताबाई नवऱ्याकडं बघत होत्या. ओठ हलत नव्हता.

"अगं, तसं न्हाई म्हनलं म्या..." प्रवेशाचे वजा जाता पैसे अठरा महिन्यांचेच उरत होते. अंदाज बायकोच्या अंगावरून काढला की पासबुकावरून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

उक्तं काही जमलं नाही. महिन्याचंच ठरलं. पैसे भरून बापलेक टेम्पोत बसले, रिकामी गादी घेऊन.

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहाटे चारला जाग यायचीच. उठून बसायचे. हातांना काम नसायचं.

चौथ्या आठवड्यात एसटीनं आश्रमात गेले. गीताबाई भिंतीकडं तोंड करून होत्या. साहेबरावांनी चादर सारून पाठ पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडत आलेल्या.

तिथं काम करणारी रत्ना बादली घेऊन आली.

"बाई, दर दोन तासाला वळवा म्हनून लिवून दिलं व्हतं."

"वळवते की, आजोबा. दिसातनं चारदा. अंथरुणावरची एकोणीस माणसं, आन आमी दोघी. तुमीच सांगा कसं बसवायचं."

साहेबरावांनी बसवून पाहिलं. एकोणीस माणसं, प्रत्येकाला बारा वेळा, बाया दोन. बसत नव्हतं. रत्नाच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, कंबरेला पट्टा होता. कामचुकार असती तर दोन शब्द बोलता तरी आलं असतं.

त्यांनी बाही सारली आणि एक हात बायकोच्या खांद्याखाली घातला.

"टाके उसवून घेताय व्हय?" ऑपरेशनचं ठाऊक असलेल्या रत्नानं त्यांचा हात धरला. "तुमी पडलात तर तुमच्या खाटंचे बावीस हजार कोन भरनार?"

त्यांनी हात काढून घेतला. रत्नानं गीताबाईंना वळवलं. मायेनं वळवलं, पण टेकू चुकला. कमरेला ओढ बसली. गीताबाईंचं तोंड आता साहेबरावांकडं आलं. गीताबाईंनी डोळे मिटले.

"अगं, म्या हाय."

डोळे उघडले नाहीत.

ऑफिसात त्यांनी दुसऱ्या महिन्याचे बावीस हजार भरले. माधुरीताईंनी आणखी एक पावती पुढं केली. मलम, कापूस, पट्ट्या: सहाशे ऐंशी. हे बावीस हजारांत बसत नाही, त्या म्हणाल्या. साहेबरावांनी खिशातून नोटा काढल्या. कातळ फोडून मिळवलेल्या पैशातले सहाशे ऐंशी त्यांनी टेबलावर ठेवले, चार वर्षं आपल्या हातानं होऊ न दिलेल्या जखमेच्या मलमासाठी.